विश्लेषण : गीतकाराचे आयुष्य रंगमंचावर आणायचे, तर गाणी कुणाला विचारून गायची?

अण्णा भाऊ साठे, अमर शेख, वामनदादा कर्डक... यांच्या गाण्यांवर संगीत नाटक उभे करायचे असेल, तर नांदेड-लातूरच्या नाट्यसंघांना कोणत्या परवानग्या लागतात? कुठे सूट मिळते? आणि १ जानेवारी २०३० ही तारीख का महत्त्वाची आहे?

ऑगस्टचा पहिला पंधरवडा नांदेड आणि लातूरमध्ये गाण्यांचा असतो. १ ऑगस्टला लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची जयंती, १५ ऑगस्टला वामनदादा कर्डक यांची. चौकाचौकांत मंडप पडतात, गायन पार्ट्यांची जुगलबंदी रात्र चढेपर्यंत चालते. निवेदक दोन गाण्यांच्या मध्ये शाहिराच्या आयुष्यातला एखादा प्रसंग सांगतो आणि पुढचे गाणे सुरू होते. समोरच्या गर्दीला शब्द पाठ असतात. गायक धृपदावर थांबला तरी गाणे थांबत नाही.

हेच प्रसंग आणि हीच गाणी एका सलग नाटकात गुंफली तर? जगाच्या रंगभूमीवर हा प्रकार गेली २५ वर्षे तुफान चालतो आहे. आपल्याकडे त्यासाठी लागणारे सगळे काही आहे. गाणी आहेत, गाणारे आहेत, पाठांतर झालेला प्रेक्षक आहे. नांदेडला कुसुम सभागृह आणि शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे, लातूरला दयानंद सभागृह आहे. मात्र तालीम सुरू करण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. ते म्हणजे, ही गाणी कायद्याने कुणाची आहेत?

‘ज्यूकबॉक्स म्युझिकल’ म्हणजे काय?

नेहमीच्या संगीत नाटकात आधी कथा असते, मग तिच्यासाठी पदे लिहिली जातात. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगमंचावर आले, तेव्हापासून मराठी संगीत नाटक याच वाटेने गेले. ज्यूकबॉक्स म्युझिकलची वाट उलटी आहे. गाणी आधीच लोकप्रिय असतात आणि त्यांच्याभोवती कथा विणली जाते. ‘आबा’ या स्वीडिश गायकवृंदाच्या गाण्यांवरचे ‘मम्मा मिया’ १९९९ मध्ये लंडनमध्ये आले आणि या प्रकाराची लाटच आली.

त्यातला एक उपप्रकार म्हणजे गाणी लिहिणाऱ्याच्याच आयुष्यावर उभे राहिलेले नाटक. त्याचे ठळक उदाहरण ‘ब्युटिफुल : द कॅरोल किंग म्युझिकल’. अमेरिकी गीतकार-संगीतकार कॅरोल किंग यांनी पती गेरी गॉफिन यांच्यासोबत १९६० च्या दशकात इतरांसाठी गाणी रचली. ती गायली दुसऱ्यांनी, त्यामुळे गाजले गायकांचे चेहरे. १९७१ मध्ये ‘टॅपेस्ट्री’ हा स्वतःच्या आवाजातला अल्बम आल्यावर त्या घराघरांत पोहोचल्या. नाटक याच प्रवासाचे आहे. जानेवारी २०१४ मध्ये ते ब्रॉडवेवर सुरू झाले आणि ऑक्टोबर २०१९ पर्यंत चालले. मुख्य भूमिका करणाऱ्या जेसी म्यूलर यांना टोनी पुरस्कार मिळाला. स्वतः कॅरोल किंग सुरुवातीला हे नाटक पाहायलाच तयार नव्हत्या. आपल्याच संसाराची पडझड प्रेक्षकांत बसून पाहणे त्यांना जड जात होते. अखेर एप्रिल २०१४ मध्ये त्या ओळख लपवून प्रयोगाला गेल्या.

अशा नाटकाचा खरा आनंद एका क्षणात असतो. प्रेक्षक वर्षानुवर्षे ओठांवर असलेले गाणे ऐकतो आणि त्याला कळते, ‘अरे, हे हिने लिहिले होते!’ गाणे माहीत आहे, पण लिहिणारा माहीत नाही, ही दरी नाटक भरून काढते. मराठवाड्यात ही दरी मोठी आहे. जयंतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या अनेक गाण्यांचे गायक लोकांना ठाऊक असतात, गीतकार ठाऊक नसतो.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच नवा आहे का?

नाही. गीतकार किंवा संगीतकाराची गाणी निवेदनासह सादर करणारे कार्यक्रम मराठी प्रेक्षकाच्या सवयीचे आहेत. चित्रपटांनी तर पुढचे पाऊल टाकले आहे. शाहीर साबळे यांच्या आयुष्यावरचा ‘महाराष्ट्र शाहीर’ एप्रिल २०२३ मध्ये आला, तर ‘स्वरगंधर्व सुधीर फडके’ मे २०२४ मध्ये.

रंगमंचाचे म्हणाल, तर तमाशाचा आराखडा यासाठी जणू तयारच आहे. गण, गवळण, बतावणी आणि वग या चौकटीत गाणे आणि गोष्ट एकमेकांना सोडून जात नाहीत. अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा हीच चौकट कामगार-शेतकऱ्यांच्या प्रश्नांसाठी वापरली. पुढे या कलापथकावर बंदी आली, पण गाणी थांबली नाहीत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती सभांपेक्षा लांब पोहोचली. त्याआधीपासून आंबेडकरी जलशांनी हेच काम वस्त्यावस्त्यांत केले होते.

नांदेड-लातूर पट्ट्यात ही परंपरा आजही जिवंत आहे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत तमाशाचे फड लागतात, लावणी आणि लोककलेचे महोत्सव होतात. राज्य सरकारच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेची केंद्रे दोन्ही शहरांत भरतात. ‘वाटा-पळवाटा’ लिहिणारे दत्ता भगत नांदेडचे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पोवाडा, लोकगीते आणि एकांकिका एकाच मंडपात होतात. म्हणजे कलाकार घडवणारी यंत्रणा इथेच आहे.

आयुष्यावर नाटक लिहायला परवानगी लागते का?

गोष्ट सांगण्यापुरते बोलायचे, तर समज आहे तितकी अडचण नाही. एखाद्याच्या आयुष्यातल्या घटनांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो तो त्या घटना मांडणाऱ्या लेखनावर. त्यामुळे आत्मचरित्रातले किंवा एखाद्या चरित्रकाराचे उतारे उचलायचे असतील, तर परवानगी हवी. जन्मगाव, नोकऱ्या, लग्न, तुरुंगवास, पहिले गाणे कधी लिहिले, ही माहिती मात्र कुणीही स्वतःच्या शब्दांत मांडू शकतो.

खासगीपणाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा आर. राजगोपाल खटल्यातला निकाल दिशादर्शक मानला जातो. सार्वजनिक नोंदींवर आधारित लेखनाला संबंधिताची संमती लागत नाही, त्यापलीकडच्या खासगी गोष्टींना लागते, असा त्याचा गाभा आहे. व्यक्ती हयात नसेल तर? अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्यावरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की खासगीपणाचा आणि व्यक्तिमत्त्वाचा हक्क त्या व्यक्तीबरोबर संपतो, तो वारसांकडे जात नाही.

म्हणून कुटुंबाला विचारूच नये, असा याचा अर्थ नाही. जुन्या वह्या, पत्रे, आठवणी त्यांच्याकडेच असतात. शिवाय बदनामीचा आणि सामाजिक भावना दुखावण्याचा वेगळा मुद्दा आहेच. पण कायद्याच्या भाषेत गोष्ट मोकळी आहे, गाणी मोकळी नाहीत.

हा फरक किती महागात पडतो, याची उदाहरणे परदेशी सिनेमात सापडतात. डेव्हिड बोवी यांच्यावरचा ‘स्टारडस्ट’ हा २०२० चा चित्रपट त्यांच्या स्वतःच्या गाण्यांशिवाय आला. जिमी हेंड्रिक्सवरच्या २०१३ च्या चित्रपटाचेही तेच झाले. गायकाची गोष्ट आहे आणि त्याचेच गाणे नाही! ‘ब्युटिफुल’च्या निर्मात्यांमध्ये मात्र गाण्यांचे हक्क सांभाळणारी सोनी/एटीव्ही म्युझिक पब्लिशिंग ही कंपनीच होती. हक्काचा प्रश्न तालमीआधी सुटला होता.

एका गाण्यात किती हक्क असतात?

ऐकणाऱ्यासाठी गाणे एकच असते. कॉपीराइट कायदा, १९५७ त्याकडे वेगवेगळ्या थरांत पाहतो.

• शब्द : गीतकाराचे साहित्यिक काम. हक्क गीतकाराचा, त्याच्यानंतर वारसांचा किंवा ज्याला लेखी दिला त्याचा.

• चाल : संगीतकाराचे काम. हक्क स्वतंत्र.

• ध्वनिमुद्रण : कॅसेट, सीडी किंवा फाइलवरचा प्रत्यक्ष आवाज. हक्क साधारणतः ते काढणाऱ्या कंपनीचा. प्रसिद्धीपासून ६० वर्षे.

• गायक-वादकांचे सादरीकरण : त्यांचा वेगळा ‘परफॉर्मर’ हक्क. ५० वर्षे.

नाटकात गाणी रंगमंचावर जिवंत गायली, तर तिसरा आणि चौथा थर गळून पडतो. यूट्यूबवरून उतरवलेला ट्रॅक लावला, की तिसरा थर पुन्हा येऊन बसतो. त्यामुळे हार्मोनियम, ढोलकी आणि संबळ घेऊन बसलेला स्थानिक वादकांचा ताफा कायद्याच्या दृष्टीनेही सोयीचा पडतो.

भीमगीतांच्या बाबतीत गुंता आणखी एका पातळीवर आहे. यातली बरीच गाणी त्या-त्या काळच्या चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली आहेत. लोकांच्या ओठांवर असलेली चाल घ्यायची आणि तीत आपले म्हणणे भरायचे, ही चळवळीची रीतच होती. वामनदादांनी १९४३ मध्ये लिहिलेले पहिले गाणेही चित्रपटगीताचे विडंबनच होते. अशा गाण्याचे शब्द शाहिराचे, पण चाल चित्रपटाच्या संगीतकाराची. म्हणजे शाहिराच्या कुटुंबाने आनंदाने होकार दिला, तरी चालीचा प्रश्न उरतोच. नाटकासाठी अशा गाण्याला नवी चाल लावणे हा एक मार्ग आहे. पण प्रेक्षकाला ओळखीची चालच हवी असते, ही त्यातली अडचण.

कुणाची गाणी कधी मोकळी होतात?

भारतात गीतकार किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट टिकतो. मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून सुरू होते. त्या हिशेबाने काही परिचित नावे पाहू.

• पठ्ठे बापूराव (निधन १९४५) : मुदत २००५ अखेर संपली. त्यांच्या लावण्या आज कुणीही गाऊ शकतो.

• अण्णा भाऊ साठे (निधन १८ जुलै १९६९) : २०२९ अखेरपर्यंत.

• अमर शेख (निधन ऑगस्ट १९६९) : २०२९ अखेरपर्यंत.

• ग. दि. माडगूळकर (निधन १९७७) : २०३७ अखेरपर्यंत.

• शांता शेळके (निधन २००२) : २०६२ अखेरपर्यंत.

• सुरेश भट (निधन २००३) : २०६३ अखेरपर्यंत.

• वामनदादा कर्डक (निधन २००४) : २०६४ अखेरपर्यंत.

या यादीत दोन बारकावे आहेत. पहिला, शब्द आणि चाल वेगवेगळ्या वर्षी मोकळी होऊ शकते. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये गाजलेल्या ‘गीतरामायणा’तील गदिमांचे शब्द २०३८ उजाडताच खुले होतील. सुधीर फडके यांचे निधन २००२ चे, त्यामुळे चाली मात्र २०६२ अखेरपर्यंत संरक्षित राहतील.

दुसरा, शाहिरांच्या अप्रकाशित गाण्यांचा. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या कामाची ६० वर्षे ते प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात. पण कायदा ‘प्रसिद्ध’ याचा अर्थ इथे केवळ छापील असा घेत नाही. लोकांसमोर सादर झालेले गाणेही प्रसिद्ध झालेले मानले जाते. जलशात, सभेत गायलेली पण पुस्तकात न आलेली गाणी यामुळे अधांतरी राहत नाहीत. फक्त ती तेव्हा गायली गेली होती, हे दाखवता आले पाहिजे.

२०३० मध्ये नेमके काय बदलेल?

१ जानेवारी २०३० पासून अण्णा भाऊ आणि अमर शेख यांच्या गाण्यांचे शब्द आणि त्यांनी स्वतः बांधलेल्या चाली सर्वांसाठी खुल्या होतील. अण्णा भाऊंच्या कथा-कादंबऱ्याही खुल्या होतील. एका अर्थाने, लाल बावटा कलापथकाच्या दोन प्रमुख आवाजांवर तिकीट लावून, दौरे काढून नाटक करायचे, तर त्या दिवसापासून शब्दांसाठी कुणाची सही लागणार नाही. अमर शेख बार्शीचे, म्हणजे लातूरच्या शेजारचेच. या भागातल्या नाट्यसंघांना तयारीसाठी ही तारीख आजच डायरीत लिहून ठेवता येईल.

पण याला दुसरी बाजू आहे. कॉपीराइट संपतो म्हणजे वारसांना मिळू शकणारे मानधनही संपते. आणि आजवर ते किती मिळाले, हा अवघड प्रश्न आहे. शाहिरी गाणी सभेत, मिरवणुकीत, कॅसेटवर फिरली. बहुतेक व्यवहार तोंडी झाले. कायदा मात्र सांगतो, की हक्क दुसऱ्याला देणे लेखीच असले पाहिजे. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. म्हणजे ‘गाणे विकत घेतले’ असा दावा कुणी करत असेल, तर कागद मागण्याचा अधिकार वारसांना आहे.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट पक्की केली. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्यासाठी गीतकार आणि संगीतकाराचा मानधनातला समान वाटा सही करून सोडून देता येत नाही. ही रक्कम गोळा करून वाटण्याचे काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी म्हणजे आयपीआरएस करते. ही संस्था १९६९ पासून आहे. मात्र वाटा मिळायचा, तर गीतकार किंवा त्याचे वारस सभासद असावे लागतात आणि गाणी त्यांच्या नावावर नोंदलेली असावी लागतात. शाहिरांच्या कुटुंबांसाठी पहिली पायरी हीच आहे.

हौशी संघांना सूट कुठे मिळते?

ही बाजू फारशी सांगितली जात नाही. कायद्याच्या कलम ५२ मध्ये काही सादरीकरणे कॉपीराइटच्या भंगातून वगळली आहेत. नांदेड-लातूरच्या संघांसाठी त्यातल्या तीन महत्त्वाच्या.

• हौशी मंडळ, विनाशुल्क प्रयोग : हौशी संस्थेने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग. चौकातला जयंतीचा कार्यक्रम यात बसतो.

• शाळा-महाविद्यालय : विद्यार्थी आणि शिक्षकांनी संस्थेच्या उपक्रमाचा भाग म्हणून केलेला प्रयोग. अट अशी, की प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच असावेत.

• शासकीय समारंभ : केंद्र किंवा राज्य सरकार अथवा स्थानिक स्वराज्य संस्थेने घेतलेला अधिकृत समारंभ.

सूट संपते कुठे, हे पाहणे तितकेच गरजेचे. ‘देणगी प्रवेशिका’ या नावाने पैसे घेतले, तर प्रेक्षक विनाशुल्क राहत नाही. मानधनावर व्यावसायिक कलाकार आणले, तर ‘हौशी’ या शब्दावर वाद होऊ शकतो. आणि सगळ्यात मोठी निसरडी जागा म्हणजे मोबाइल. चौकातला विनाशुल्क प्रयोग कायदेशीर असतो. त्याचेच फेसबुक लाइव्ह किंवा यूट्यूबवरचा व्हिडिओ या सवलतीत येत नाही. यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा गाणे ओळखते आणि व्हिडिओची कमाई हक्कदाराकडे वळवते किंवा व्हिडिओच अडवते. अनेक मंडळांना कॉपीराइटची पहिली ओळख अशीच होते.

तिकीट लावून प्रयोग करायचा, तर गाण्यांची लेखी परवानगी घ्यावी लागते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ऑर्केस्ट्रासाठी घेतलेला परवाना नाटकाला आपोआप पुरत नाही. गाणे नुसते गाणे वेगळे आणि पात्राच्या तोंडी घालून कथेचा भाग करणे वेगळे, असा फरक जगभर केला जातो. अमेरिकेतल्या अशा संस्थांच्या नेहमीच्या परवान्यात नाट्यमय वापर येत नाही, तो थेट हक्कदाराशी ठरवावा लागतो. म्हणून परवानगीच्या पत्रात ‘नाटकात वापर’ हे शब्द स्पष्ट असलेले बरे. याशिवाय संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, ते वेगळेच.

आणि हक्कदार सापडतच नसेल तर? गीतकार हयात नाही, वारसांचा पत्ता लागत नाही, अशा कामांसाठी कलम ३१-अ आहे. वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन आणि न्यायालयात अर्ज करून ठरावीक रकमेवर परवाना मिळवता येतो. वाट लांबची आहे, पण बंद नाही.

मग खरा प्रश्न पैशांचा की नावाचा?

दोन्हींचा. पण पैशांचा हक्क कधीतरी संपतो, नावाचा संपत नाही.

वामनदादांचे आयुष्यच पाहा. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्म. मुंबईत अंगमेहनतीची कामे. लहानपणी शाळा मिळाली नाही. मोठेपणी, कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि वाचता येईना, त्या लाजेतून ते अक्षरे शिकले. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. पुढे त्याच माणसाने हजारो गाणी लिहिली. ‘वाटचाल’ आणि ‘मोहळ’ हे संग्रह आले. नाटककाराला यापेक्षा वेगळा पहिला अंक कशाला हवा?

या माणसाने आपल्या गाण्यांवर सही कशी केली? शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव गुंफून. नरसीच्या संत नामदेवांनी अभंगात ‘नामा’ ही मुद्रा ठेवली, शाहिरांनी पोवाड्यात आपले नाव ठेवले, तीच ही रीत. छापखाना आणि कायदा हाताशी नसताना गाण्यातच कोरलेला हा मालकी हक्क होता. गाणे कुठेही जावो, कुणीही गावो, नाव त्याच्यासोबत जात असे.

आज हे नाव सर्वात आधी गळते. तीस सेकंदांच्या रीलमध्ये धृपद बसते, शेवटचे कडवे बसत नाही. डीजेच्या मिश्रणात तर फक्त ठेका आणि एक ओळ उरते. ऑनलाइन व्हिडिओखाली गायकाचे, संगीत संयोजकाचे, कॅमेरा चालवणाऱ्याचे नाव असते. गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असे लिहिले जाते किंवा जागा रिकामी असते. ज्यांचा लेखक ठाऊक आहे, अशा गाण्यांनाही ‘पारंपरिक’ ठरवले, की मानधनाचा प्रश्नच मिटतो. म्हणून हा शब्द दिसतो तितका निरागस नाही.

कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ नेमके इथे लागू होते. काम आपले आहे असे सांगण्याचा आणि त्याची मोडतोड रोखण्याचा लेखकाचा हक्क त्यात आहे. हक्क विकला तरी तो लेखकाकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा आग्रहही वारस धरू शकतात. कलम ५२ च्या सवलतीत बसणाऱ्या विनाशुल्क कार्यक्रमातही गीतकाराचे नाव घेणे टाळण्याचे कारण उरत नाही. त्याला पैसे पडत नाहीत.

नाटक करायचे ठरवले, तर पहिली पाच कामे कोणती?

१. गाण्यांची यादी करा. प्रत्येक गाण्यासमोर शब्द कुणाचे, चाल कुणाची, पहिल्यांदा कुठे गायले किंवा छापले, हे तीन रकाने भरा. रिकामा रकाना म्हणजे अजून शोध बाकी.

२. प्रयोग विनाशुल्क की तिकिटाचा, हे आधी ठरवा. परवानग्यांचे सगळे गणित त्यावर आहे.

३. वारसांना भेटा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. त्यात नाटकातला वापर, प्रयोगांची संख्या किंवा मुदत, मानधन आणि व्हिडिओचा मुद्दा असू द्या.

४. ट्रॅक टाळा, वादक घ्या.

५. जाहिरातीत, पडदा उघडताना आणि ऑनलाइन व्हिडिओखाली प्रत्येक गाण्याच्या गीतकाराचे नाव द्या.

यातले पहिले काम नाटक न करणाऱ्यांनीही करण्यासारखे आहे. नांदेड-लातूरच्या वाड्यावस्त्यांत जुन्या गायन पार्ट्यांच्या हस्तलिखित वह्या अजून ट्रंकांमध्ये आहेत. कुठल्या रात्री, कुठल्या गावात, कुणाचे गाणे गायले, याची नोंद काही वह्यांत असते. उद्या एखाद्या गाण्याचा लेखक कोण, असा वाद झाला, तर हीच वही पुरावा ठरेल. तिचा मोबाइलवर काढलेला स्वच्छ फोटो, तारीख आणि गावाच्या नावासह जपून ठेवला, तरी मोठे काम होईल. विद्यापीठाच्या ललित व प्रयोगजीवी कला संकुलातल्या विद्यार्थ्यांसाठी तर हा तयार प्रकल्प आहे.

अण्णा भाऊ आणि अमर शेख यांची गाणी २०३० मध्ये मोकळी होतील, तेव्हा ती गायला कुणाला विचारावे लागणार नाही. ती कुणाची होती, हे मात्र प्रत्येक वेळी सांगावेच लागेल. तोवर ते सांगता येण्याइतके कागद आपल्या हाती उरलेले असले पाहिजेत.